धाकटीचं मखर

आमच्या घराण्यात महालक्ष्म्या एक वर्ष थोरल्याकडं, एक वर्ष धाकट्याकडं बसतात. थोरली मी. भोकरदनला आम्हा दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लागून, आणि सासूबाई राहायला धाकटीकडं.

एका वर्षी पाळी तिची होती. तिच्या भावाचं जालन्याला टीव्हीचं दुकान. खोक्यांतून निघालेलं थर्माकोल त्यानं पोतंभर पाठवलं आणि या बाईनं भाजीच्या सुरीनं कमानी, खांब, मोर कोरून असं मखर उभं केलं, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका महालक्ष्म्यांकडं बघेचनात.

"धाकटीनं हात लावला की सोनं होतंय," सासूबाई एकेकीला सांगत होत्या. माझ्या पुरणपोळ्या खाऊनसुद्धा त्या कधी असं बोलल्या नव्हत्या. माझा नुसता जळफळाट झाला. मला ते एक वाक्य हवं होतं, चारचौघींत, त्यांच्याच तोंडून.

पुढच्या वर्षी पाळी माझी. माझा भाऊ शेती करणारा, तो कुठून थर्माकोल पाठवणार? मी बाजारातल्या दुकानांमागं फेकलेले तुकडे वेचून आणले आणि खांब, कमानी कोरल्या. तिचं मखर पांढरं होतं ना, मग माझं सोनेरी! ऑइल पेंट आणला. तो घट्ट निघाला, म्हणून यांच्या गाडीतलं पेट्रोल ओतून पातळ केला आणि अंगणात पहिल्या खांबावर ब्रश फिरवला. पेट्रोलानं खांब जागच्या जागी विरघळून खचायला लागला. मी घाबरून हाताला लागेल ते सावरायला गेले, तर रंगाचा डबाच सगळ्यावर सांडला. मखराचा चिकट लगदा झाला.

"आगं, काय करून राह्यलीस?" सासूबाई दारातून ओरडल्या. "धाकटीला इचारायचं तरी!"

धाकटीनं गुपचूप तिचं जुनं मखर आणून दिलं. माझ्या घरात, माझ्या पाळीला, कौतुक पुन्हा तिचंच. वर ती चांगली वागली, म्हणून भांडायचीही सोय उरली नाही.

लगदा टाकून देणार होते, पण स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता. रागारागात भोकावर थापला. दोन दिवसांत तो दगडासारखा घट्ट झाला, आणि नंतरच्या पावसात एक थेंब खाली आला नाही. धाकटीनं विचारलं तसं मी सगळं सांगून टाकलं. तोवर तिचं मखर मोडलं होतंच. तिनं ते पेट्रोलात विरघळवून सासूबाईंच्या खोलीचा पत्रा बुजवला.

त्यानंतर एकदा भर पावसात सासूबाई माझ्याकडं चहाला आल्या. वर बघत म्हणाल्या, "न्हाई गळत आता. इथंबी धाकटीनंच लावून देल्लं का गं?"

मी चहा बिनसाखरेचा दिला.