दारातली उसनी म्हैस

माझं लग्न एका म्हशीनं जवळजवळ मोडलं होतं, आणि ती म्हैस आमची नव्हती.

उमरग्याजवळच्या आमच्या गावात लग्न ठरण्याआधी मुलीकडचे 'घर बघायला' येतात. घर म्हणजे गोठा! आमच्या गोठ्यात तर माझी मोटारसायकल उभी असायची. पण मुलगी मला फार आवडली होती. (बघायला गेलो तेव्हा तिच्या हातच्या शेंगापोळ्या मी लाज सोडून हाणल्या होत्या.) म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या गौराकाकूंची चंद्री म्हैस सकाळीच आणून आमच्या दारात बांधली. शिंगांना तेलसुद्धा चोळलं.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "पोरगं धार काढतंय का?"

"व्हय तर! दुसऱ्या कुणाला ती हातच लावू देत न्हाय," दादा म्हणाले. (मी जन्मात दुधाच्या पिशवीपलीकडं गेलो नव्हतो!)

"मग काढू द्या की. ताज्या दुधाचा च्या घिऊ."

झालं! चरवी घेऊन मी खाली बसलो, तेही चुकीच्या बाजूला. चंद्रीनं एका लाथेत चरवी उडवली आणि दुसरीत मला शेणात बसवलं. भिंतीपलीकडं गौराकाकूंना राहवेना. त्या ओरडल्या, "चंद्रे, उगी गं माझी बाय!"

मालकिणीचा आवाज ऐकताच चंद्रीनं खुंटा उपटला आणि ती पाहुण्यांच्या चपला तुडवत थेट आपल्या घरी निघाली. दावं माझ्या हातात, आणि मी मागं फरफटत!

परत ओसरीवर आलो. दादांची मान खाली. लग्न गेलं म्हणून मला रडूच यायला लागलं.

मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला. "म्हैस शेजारची हाय व्हय?"

"व्हय," दादा पुटपुटले.

"मग मोकळंच बोलतो, पाव्हणं. तुमच्या पोरानं खाल्लेल्या शेंगापोळ्या बी शेजारच्या अक्काच्या हातच्या. आमच्या पोरीला च्या बी लई अवघड जातोय!"

दादा इतके हसले की डोक्यावरची टोपी खाली पडली. तिथंच सुपारी फुटली.

आता दादा नाहीत, गौराकाकूही नाहीत. भिंतीपलीकडून कुणी ओरडत नाही, आणि संध्याकाळी ते फार जाणवतं. आमच्याकडं दूध पिशवीचं येतं, शेंगापोळी दुकानातली. पत्रिका बघणारे म्हणाले होते, दोघांचे गुण अगदी जुळतात. खोटं कशाला बोलू, जुळलेच! दोघांनाही काही येत नाही.