ओसाड गावातली बावीस माणसं

"फ्रेममध्ये माणूस नको. गाव ओसाड पाहिजे," डायरेक्टर फोनवर म्हणाले.

मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर अर्ध्यात लटकले होते. पाथर्डी तालुक्यातल्या त्या वाडीत रेंज तिथंच येते.

"सर, इथं बावीस माणसं राहतात."

"तुझ्या रिपोर्टमध्ये तर नव्हती!"

खरं होतं. मी डॉक्युमेंट्रीसाठी फोटो काढते आणि रेकी करते. रेकी म्हणजे युनिटच्या आधी जाऊन जागा बघायची. रस्ता कसा आहे, ऊन कुठून येतं, संडास आहे का. पंधरा दिवसांपूर्वी मी इथं भर दुपारी आले होते. बहुतेक दारांना कुलपं, बाकीची लोटलेली, चिटपाखरू नाही. ऊसतोडीच्या दिवसांत तरणी माणसं कारखान्यांवर जातात, हे मला माहीत होतं. लोटलेल्या दारांमागं म्हातारी मंडळी झोपली असतील, हे डोक्यातच आलं नाही. कुलपांचे फोटो मात्र झकास आले. डायरेक्टर मुंबईत बसून बेहद्द खूश झाले. नगरमध्ये वाढलेल्या बाईनं असली चूक करावी, याला सरळ गाढवपणा म्हणतात.

"त्यांना सांग, तासभर आत बसा," ते म्हणाले. "उद्या सकाळी पोचतोय."

खाली गयाबाई उभ्या होत्या. वय सत्तरीचं, वाडीच्या वतीनं बोलायचं काम त्यांचं. मी निरोप जमेल तेवढा गोड करून सांगितला.

"आमच्याच गावात आमी लपून बसायचं?"

"तासभरच, आजी. गाव रिकामं दिसायला पाहिजे म्हणतात."

"आमची पोरं ऊस तोडायला गेलीत, बाई. वर न्हाई गेली."

मला हसू आलं. त्यांना नाही.

"नातवाला पोरगी बघतोय. आधीच या वाडीत कुनी पोरगी देईना. पिक्चरमधी गाव मेलेलं दिसलं, तर देतील व्हय?"

मी परत शिडी चढले. डायरेक्टर म्हणाले, "मॅनेज कर." आमच्या धंद्यात याचा अर्थ, तू निस्तर.

मी निस्तरलं नाही. गयाबाईंना म्हणाले, "उद्या तुम्हाला वाटेल ते करा."

सकाळी युनिटच्या दोन गाड्या आल्या, तेव्हा प्रत्येक कुलपाखाली एकेक म्हातारं बसलं होतं. पांढरी धोतरं, ठेवणीतली लुगडी. एका आजोबांनी गॉगल चढवला होता.

"हे काय आहे?" डायरेक्टर ओरडले.

"ओसाड गाव," मी म्हणाले.

ते मला झापणार, तेवढ्यात गयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि दारोदार फिरवायला सुरुवात केली. "हे किसनचं दार. संगमनेरकडं हाय, बायकोपोरांसंगं. हे सखूचं. जाताना शेळी माझ्यापाशी ठिवली. ती याली, दोन करडं झाली. सखूला अजून ठावं न्हाई."

चौथ्या दारापाशी डायरेक्टर घड्याळ बघायचे थांबले. सहाव्याला त्यांनी कॅमेरामनला हात केला. कॅमेरा चालू.

फिल्ममध्ये आता गयाबाईच बोलतात. गॉगलवाले आजोबा एडिटमध्ये उडाले, ते अजून माझ्यावर चिडून आहेत. नातवाला बघायला आलेल्यांनी फिल्म पाहिली, गाव चांगलं आहे म्हणाले आणि विचारलं, घरात नळ आहे का? नळ नव्हता. जमलं नाही.

डायरेक्टरांनी मला पुन्हा काम दिलेलं नाही.

रेकीला गेलात तर लोटलेलं दार वाजवून बघा. झोपमोड केली म्हणून शिव्या पडतात. तेवढ्या खाव्यात.