चार-चारांची गर्दी

मानमोडीची साथ आली तेव्हा मी ऐन विशीत होतो आणि स्वतःला मोठा पैलवान समजत होतो. त्या तापाने माझी समज चांगलीच उतरवली. अंग फणफणायचं, मान मोडल्यागत माणूस पडायचा आणि बरेचसे उठायचेच नाहीत. मी पडलो आणि उठलो. आमच्या वस्तादांचा मुलगा माझ्याच बरोबर पडला, तो उठला नाही. एका तालमीत, एका मातीत वाढलेले आम्ही. त्याला पोचवून आल्यावर वस्तादांनी तालमीच्या दाराला साखळी घातली ती घातलीच.

साथ ओसरली तरी गाव रानातून परत यायला तयार नव्हतं. लोक खोपी घालून आपापल्या शेतात राहिले. वाटेत कुणी भेटलं तर बांध सोडून पलीकडून जायचं. भैरोबाची जत्रा बंद, जत्रेतला हगामा बंद. हगामा म्हणजे आमच्याकडच्या कुस्त्या. तेलगावापासून दिंद्रुडापर्यंतची माणसं त्याला लोटायची.

मी तापट आणि उतावळा. अंगात जरा जीव आल्याबरोबर वस्तादांच्या दारात जाऊन बसलो.

"वस्ताद, तालीम उघडा."

"कुणासाठी?" ते खाटेवरून न उठताच म्हणाले. "कुस्ती दोघांची नसती बे. बघनाऱ्यांची असती. आता मानूस मानसाला भेतंय. कोन येनार हाय?"

"येतील की!"

"कवा?"

मी उंबऱ्याजवळची माती नखाने उकरायला लागलो.

"लोक हगाम्याला येतील त्या दिशी बघू," असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो दिवस यायचा नाही अशी त्यांची खात्री होती. मला राग आला, पण रडूही आलं, म्हणून मी तिथून उठलो.

पुढच्या पौषात पाटलांनी तहसीलला अर्ज केला. भैरोबाच्या मानाची कुस्ती दोन वर्षं चुकू नये एवढंच मागणं. तेव्हा आमच्याकडे सरकारी कारभार उर्दूत, त्यामुळे हुकूमही उर्दूतच आला. एक चपराशी घेऊन आला आणि मुलाण्याने पारावर वाचून दाखवला. कुस्तीला इजाजत आहे, मात्र मजमा जमता कामा नये.

आता मजमा म्हणजे काय? आमच्या गावाला मजमा एकच ठाऊक होता, बाजारात जडीबुटीवाला चटई अंथरून भरवतो तो. म्हातारे म्हणाले, "तो येत न्हाईच जत्रेला. मग मनाई कशाची?" मुलाण्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, "अरे, मजमा म्हंजी गर्दी." त्यावर पाटलांनी विचारलं, "किती मानसांची?" हे हुकुमात नव्हतं. सगळे चपराशाकडे बघायला लागले. तो बिचारा उन्हातून चालून आलेला, पाणी पीत बसला होता. कटकट मिटावी म्हणून म्हणाला, "पाच आदमी जमे, के मजमा!"

त्याला वाटलं, मिटलं. संध्याकाळी दवंडी पिटली गेली की हगाम्याला पाच माणसं एकत्र दिसली तर गुन्हा होईल. गावाने त्यातून एवढंच घेतलं की चार चालतात. पाव्हण्यारावळ्यांच्या तोंडून ते आसपासच्या गावांतही गेलं. मनाईची दवंडी आमंत्रणासारखी फिरली.

गावाकडून लढायचा मान माझ्यावर आला होता आणि मी रानातल्या खोपीवर एकटाच मेहनत करत होतो, म्हणून मला यातलं काही माहीत नव्हतं. कुस्तीच्या दिवशी लांग कसून, अंगाला माती लावून मी ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात गेलो, तर पाय जागीच थांबले. समोरचा सगळा उतार माणसांनी भरला होता. चार इथे, चार तिथे. दोन चौकड्यांमध्ये एकेका कासऱ्याएवढं अंतर, कुणी आखून दिल्यासारखं. पार वरच्या बांधापर्यंत, जिथे माणूस ओळखूही येत नाही तिथपर्यंत, चार-चार फेटे. कुणी शिट्टी मारत नव्हतं, कुणी खाकरतसुद्धा नव्हतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. मला वाटलं होतं, आपला मुलूखच संपला. आणि तो इथे मांडी घालून बसला होता.

बंदोबस्ताला आलेल्या चपराशाने एक चौकडी मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली. मग "तौबा" म्हणून तो बाभळीखाली एकटाच जाऊन बसला.

आखाड्यातही चौघंच. मी, दिंद्रुडचा पैलवान, पंच आणि हलगीवाला. म्हणजे वस्ताद आले असते तरी नेहमीसारखं कडेला उभं राहता आलं नसतं. आणि ते येणार नाहीत हे मी धरूनच चाललो होतो.

पण सलामी देताना ते दिसले. काठी टेकत उतारावरून चालले होते. जिथे थांबावं तिथे चौघं. एकाने उठून आपली जागा देऊ केली, त्याला त्यांनी हातानेच बसवलं. मग पुढे गेले आणि एका ठिकाणी उभे राहिले. तिथे तिघंच बसले होते. त्यांच्या मुलाचे तालमीतले जोडीदार. चौथा त्यांना मिळाला नव्हता असं नाही, त्यांनी कुणाला घेतलंच नव्हतं. वस्ताद बराच वेळ उभे होते. मग खाली बसले.

हलगी कडाडली. दिंद्रुडकरही मानमोडीतून उठलेला, बरगड्या मोजाव्यात असा. आम्ही दोघे कुस्ती कमी खेळत होतो आणि धापा जास्त टाकत होतो. लोक अजून गप्पच. ओरडलं की मजमा होतो की काय, अशी त्यांना शंका असावी.

तेवढ्यात उतारावरून आवाज आला, "ढाक लाव की बे! झोपलास का?"

तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. मी मान वळवून तिकडे पाहिलं आणि दिंद्रुडकराने मला उचलून चीत केलं. पाठ मातीला लागली, आणि त्याच क्षणी अख्खा उतार ओरडला. चार-चारांनी ओरडला, पण आवाज एकच होता. खालची जमीन हलल्याचं मला पाठीला कळलं. हरलेला मी तिथेच पडून हसत होतो.

वस्ताद उठून आखाड्याच्या दिशेने तरातरा आले. मधेच, आपण पाचवे होऊ हे ध्यानात येऊन, थबकले आणि तिथूनच माझ्यावर गरजले, "मानमोडीनं मोडली न्हाई ती मान कावून वळवलीस बे? सगळं पयल्यापासून शिकवावं लागंल. उद्या पहाटं तालमीत ये!"

मग मागे वळून त्या तिघांना म्हणाले, "तुमीबी या."