हद्दीचा दगड

बायको गेली ती चौसाळ्याच्या हायवेवर. मेंढरं रस्ता वलांडत व्हती. एक कोकरू मधीच उभं राहिलं, ती त्याला वढायला मागं फिरली आन् कंटेनर आला. नऊ मेंढरं आन् ती. मी पुढं व्हतो. वळून बघितलं तवा रस्ता लाल झालता आन् लोकर हवेत उडत व्हती. ड्रायव्हर पळाला न्हाई. खाली उतरून हात जोडून उभा व्हता. त्याला मी काठीनं मारलं. काठी मोडली तवा दगडानं मारलं. लोकांनी सोडवला नसता तर तो बी तिथंच पडला असता. चूक त्याची न्हवती. ते मला मारतानाच कळत व्हतं.

आमच्यात मातीत ठेवतात. आमच्याच रानात, लिंबाखाली, तिला ठेवली. उशाला दगड उभा करायची रीत हाय. चांगला घडीव दगड लागतो, तो नेकनूरच्या पाथरवटाकडं मिळतो. मी गेलो न्हाई. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला, गायरानाच्या हद्दीवर, बाभळीच्या जाळीत एक जुना दगड व्हता. निजामाच्या येळचा. चौकोनी, वर फुली कोरलेली. मेंढरं गायरानात सोडून ती दुपारी त्याच दगडाला पाठ लावून बसायची, भाकर खायची, मिश्री लावायची. मी म्हणलं, हा तिचाच दगड. पहार घालून उपटला. खालून कोळसा निघाला, मूठभर, काळाभोर. मला वाटलं कुणाची तरी जुनी चूल असंल. गाडीवर घालून चाळीस पावलं खाली आणला, तिच्या उशाला उभा केला, चुना लावला.

दगड सरकारी हाय हे काय मला कळत न्हवतं व्हय? कळत व्हतं. पण बांध कुठं पळून चाललाय, असं मनाला सांगितलं. आन् खरं सांगायचं तर नेकनूरला जायचा बी कंटाळा केला. जित्तेपणी तिला मी धड लुगडं घेतलं न्हाई. मारलं मात्र पोटभर. भाकर करपली म्हणून मारलं, उलट बोलली म्हणून मारलं, एकदा काईच केलं न्हवतं तरी मारलं. मेल्यावर दगड बी फुकटचा.

माझा धाकला भाऊ तवा कारखान्याला ऊस तोडायला गेलता. परत आला, लिंबाखाली बसून ढसाढसा रडला. माझ्या बायकोनं त्याला लेकरासारखा वाढवला व्हता. दगडावरून हात फिरवून म्हणला, "दादा, दगड चांगला आणलास. कुठनं?"

"नेकनूरहून," मी म्हणलं.

"वहिनीला शोभतोय."

एवढंच. खोटं बोलायला तोंडाला कितीसा येळ लागतो?

नंतरच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या ठेकेदारानं वरचा सगळा मुरूम उकरून नेला. बांध गेला, बाभळी गेल्या. हद्द कुठं व्हती ते वळखू येईना. धाकल्याला वाटलं हद्दीचा दगड बी टिप्परात गेला. मी वाटू दिलं.

मग गायरानावर विज्ञान-तंत्रज्ञान पार्क व्हणार म्हणून आवई उठली. शाळेच्या वट्यावर बैठक झाली. विद्यापीठातून एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात साधी चप्पल, टेबलामागं बसायचं सोडून सतरंजीवर बसल्या. त्या म्हणल्या, इथं विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आन् छोट्या कंपन्या एका छपराखाली येतील. कमी पाण्यावरचं बियाणं, लोकरीच्या नव्या वस्तू. "तुमची लोकर आज कुणी घेत नाही, तुम्ही ती बांधावर फेकून देता. त्या लोकरीवर इथं काम होईल."

एक म्हातारा म्हणला, "मॅडम, लोकर ज्या मेंढरावर येते ते चरणार कुठं? गायरान तर तुमीच घेतलं."

मागून कुणीतरी वरडलं, "मेंढरांना बी कॉलेजात घाला, डिगरी भेटंल!"

सगळे हासले. मॅडम हासल्या न्हाईत. वहीत लिहून घेतलं आन् म्हणल्या, "हा प्रश्न बरोबर आहे. चराईसाठी एक पट्टा सोडायला मी सांगेन." मला त्या बाईचा राग येईना, ह्याचाच राग आला.

मोजणी आली ती आठवडाभरात. मोजणीदार, त्याची दोन माणसं, तीन पायाचं यंत्र, ठेकेदाराचे पाच-सहा दांडगे गडी आन् मॅडम. मोजणीदार नकाशा धरून माळावर फिरला. वर काई सापडंना. मग तो खाली आमच्या रानात आला आन् लिंबाखाली थांबला.

"हा काय, दगड हितं हाय की," तो म्हणला. "कोपऱ्याचा दगड. हितनं लाइन टाका."

हितनं लाइन टाकली म्हणजे आमच्या रानाचा वरचा सगळा तुकडा पार्कात जात व्हता. त्या तुकड्यात धाकल्याची विहीर व्हती. ती विहीर त्यानं बायकोसंगं पाच हंगाम ऊस तोडून खणली व्हती. सुरुंगाचा दगड उडून त्याच्या बायकोचं एक बोट गेलं व्हतं त्या विहिरीत. पाणी लागलं त्या दिशी तो आत उतरून गळ्यापत्तोर उभा राहिला व्हता, वर येईना.

धाकला धावत आला. "ओ सायब! हा हद्दीचा दगड न्हाई. ही माझ्या वहिनीची जागा हाय. माणूस हाय खाली!"

"नकाशावर कोपऱ्याला दगड हाय. ह्या माळावर दगड हा एकच हाय."

"आवो, हा नेकनूरहून आणलाय! दादा, सांग ह्यांना!"

सगळे माझ्याकडं बघाय लागले. मॅडम बी. तवा एक शब्द बोललो असतो तर पुढचं काईच झालं नसतं. "वरून उपटून आणला," एवढंच बोलायचं व्हतं. धाकला माझ्याकडं कसा बघत व्हता! लहानपणी जत्रेत गर्दीत बघायचा तसा, दादा हाय म्हणून.

"व्हय," मी म्हणलं. "नेकनूरचाच हाय."

मोजणीदार हासला. "नेकनूरचा पाथरवट सरकारी फुली कोरून देतो का बे?" आन् त्यानं पाय उचलला, बुटाच्या टाचेनं दगडावरचा चुना खरडला. खर्र करून. फुली दिसाय लागली.

त्याचा बूट तिच्या उशाला लागला एवढंच मला दिसलं. हातात मेंढरं हाकायची काठी व्हती, कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी जाड. ती मी त्याच्या डोक्यात घातली. नारळ फुटावा तसा आवाज आला. तो खाली बसला, कानामागून रगत आलं, नकाशावर सांडलं. त्याच्या माणसानं मला छातीत लाथ मारली. मी लिंबाच्या खोडावर आदळलो. मग धाकला खोरं घेऊन घुसला.

ठेकेदाराचे गडी त्याच्यावर पडले. मी आयुष्यात लई मारामाऱ्या बघितल्या, केल्या बी. पण सहा माणसं एका माणसाला मारतात तवा आवाज येगळा येतो. वल्लं पोतं बडवावं तसा. धाकला खाली पडला तरी खोरं सोडंना. "वहिनीला हात लावू नका," एवढंच वरडत व्हता. एकानं यंत्राचा लोखंडी पाय उपसून त्याच्या तोंडावर मारला. दात मातीत पडले. मॅडम मधी घुसल्या, "थांबा, अरे थांबा!" म्हणत त्याच्या अंगावर आडव्या झाल्या. दुसरा वार त्यांच्या हातावर बसला. मनगटाचं हाड मोडलेलं मी आयकलं. त्या वरडल्या न्हाईत, खाली बसल्या आन् पदरानं धाकल्याचं तोंड पुसाय लागल्या. मग सगळे थांबले.

मी खोडाला टेकून बसलो व्हतो. वरडून सांगावं वाटलं. छातीत दम न्हवता, असं मी बरेच दिवस म्हणत आलो. खोटं. दम व्हता.

पोलीस आले. फौजदारानं विचारलं, "पैला हात कुणी टाकला?"

धाकल्याच्या तोंडातून नीट शब्द निघंना, तरी तो म्हणला, "म्या."

मोजणीदार वरडला, "म्हाताऱ्यानं मारलं, म्हाताऱ्यानं!"

"त्याला काई इचारू नका सायब. त्याचं डोकं वहिनी गेल्यापासून ठिकाणावर न्हाई. म्याच मारलं."

त्याला गाडीत घातला. रात्री त्याची बायको माझ्या दारात आली. बोटं मोजली तर नऊ, पण शिव्या द्यायला जीभ पुरी. "भाऊजी, तुमी मर्द असता तर गाडीत तुमी बसला असता. माझी विहीर बी गेली, नवरा बी गेला. आता बसा तुमच्या दगडाला कवटाळून." मी बायकोला अशा बोलण्यावर मारायचो. भावजयीला काय करणार? आन् ती एक शब्द बी चूक बोलली न्हवती.

दुसऱ्या दिशी बीडला दवाखान्यात गेलो. मॅडमचा हात प्लास्टरात. मला वाटलं हाकलून देतील. त्या म्हणल्या, "बसा बाबा. चहा घ्या." मी खालीच बसलो.

मग म्हणल्या, "एक विचारते. नकाशात ओढ्यापासून दगडाचं अंतर दाखवलंय. तुमच्या लिंबाखालच्या दगडाशी ते जुळत नाही, चाळीस-एक पावलांचा फरक येतो. मोजणीदार म्हणाले, जुन्या मोजणीच्या साखळ्यांचा दोष. मला तसं वाटत नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"जुने मोजणीवाले हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायचे. लाकूड कुजतं, दगड हलतो, कोळसा तसाच राहतो. वर कुठं कोळसा सापडला तर तुमच्या भावाची विहीर वाचेल."

तो मूठभर काळाभोर कोळसा माझ्या डोळ्यापुढं आला. चूल समजून वरवरचा मी लाथेनं उडवला व्हता. मग मी सगळं सांगितलं. दगडाचं सांगितलं, नेकनूरचं सांगितलं, डोक्यात काठी कुणी घातली ते सांगितलं. न विचारता बायकोला कसं मारायचो ते बी सांगितलं. मॅडमनी मधी तोंड घातलं न्हाई. शेवटी म्हणल्या, "हे मला सांगून काय उपयोग? ठाण्यात सांगा."

ठाण्यात सांगितलं. फौजदारानं दोन थोबाडीत दिल्या, बरं वाटलं. केस माझ्या नावावर झाली, ती अजून चालू हाय. मोजणीदार डोक्याला टाके घेऊन परत आला. माझ्याकडं बघंना. मी मुरूम उकरलेल्या माळावर गुडघ्यावर फिरलो. वरची माती गेली व्हती, पण जाळीच्या मुळ्या खोल व्हत्या, त्या सापडल्या. त्यांच्या मधी खुरप्यानं हातभर खणलं. काळं लागलं. मोजणीदारानं कोळसा चिमटीत धरला, चुरला, आन् पैल्यांदा माझ्याशी बोलला, "हाच. आणा दगड."

दगड उपटायला ठेकेदाराचे गडी पुढं आले. मी काठी उचलली. "माघारी व्हा. ज्यानं लावला तोच काढंल."

मी पहार घातली. दगड हलला तवा माती खाली सरकली, तिच्याकडं. मला वाटलं मी तिला परत एकदा केसाला धरून वढतोय. दगड गाडीवर घातला, वर नेला, कोळशावर उभा केला. लाइन पडली. विहीर आमच्या रानात आली, लिंब बी.

धाकला जामिनावर सुटला. पुढचे चार दात न्हाईत, एक डोळा अजून सुजलेला. घरात आला, मी भाकर खात व्हतो. उभ्या उभ्या इचारलं, "नेकनूरला कधी गेलतास?"

"गेलतोच न्हाई."

त्यानं माझ्या तोंडात मारली. अशी की भाकर भिंतीवर जाऊन पडली. मग दुसरी मारली. त्याची बायको दारात उभी व्हती, तिनं अडवलं न्हाई. "का केलंस असं, दादा?" तो म्हणला. "मला सांगितलं असतंस तर काय मी दगड उपटला असता व्हय?" तिसरी मारायला हात उचलला, आन् तसाच खाली बसला. मग भिंतीपाशी पडलेली भाकर झटकून अर्धी मोडून माझ्यापुढं ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली. दात न्हाईत, म्हणून पाण्यात बुडवून. तवापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आता माळावर पार्कची भिंत उभी राहिलीय. आत काचंची इमारत हाय, विद्यापीठाची पोरं-पोरी मोटारसायकलवर येतात. भिंतीच्या कडंनं चराईचा पट्टा सोडलाय, मॅडमनी शब्द पाळला. हात त्यांचा पुरता सरळ झाला न्हाई, वहीत आता डाव्या हातानं लिहितात. दगड भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटात हाय, फुली बाहेरच्या अंगाला. दुपारी मी त्याला पाठ लावून भाकर खातो. नवा वॉचमन हटकायला आला व्हता, त्याला काठी दाखवली. परत आला न्हाई.

लिंब मात्र मागंच एका वादळात पडला. तिच्या जागेवर आता खूण न्हाई, नुसतं रान हाय. धाकला म्हणला न्हाई, मी बी म्हणलं न्हाई, पण तिथं नांगर कुणी घालत न्हाई. जागा हुडकायला मी दगडापासून चालत मोजतो. पैल्या वर्षी चाळीस पावलं भरायची. यंदा पंचेचाळीस भरली. जागा तीच हाय, माझीच पावलं आखूड झालीत. म्हणून परवा नेकनूरला जाऊन पाथरवटाकडं दगड बघून आलो. धाकल्याला म्हणलं, दगड आणायला गाडी पायजे. त्यानं हो म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. सकाळी दारात बैल जुंपलेले व्हते.