चुकलेला गेटपास

साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा मला एकच प्रोग्रामिंग भाषा येत होती, पीएचपी. तिच्यावर नऊ वर्षं काढली. या भाषेची एक सवय आहे. कुणी वेबसाइटचं पान उघडलं की प्रोग्राम सुरू होतो, पान बनवून देतो आणि सगळं विसरून बंद होतो. पुढच्या माणसासाठी पुन्हा कोरी पाटी. लक्षात ठेवायचं ते आपण मुद्दाम कुठेतरी साठवायचं. ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती भाषेची आहे हेच मी विसरले होते.

मग ऑफिसने ठरवलं, की यापुढचं काम जावास्क्रिप्टमध्ये करायचं. पहिलं काम माझ्याकडे आलं ते तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचं. शेतकरी तिथे बेदाणा ठेवतात. आपला माल किती आहे, कुठल्या लॉटमध्ये आहे ते त्यांनी मोबाइलवर बघायचं आणि माल न्यायचा असेल तेव्हा तिथूनच गेटपास काढायचा. आधीचा जुना प्रोग्राम माझाच होता. तो मी नव्या भाषेत उतरवला. सध्या कोणता शेतकरी पान बघतोय हे ठेवणारी ओळ जुन्या फाइलमध्ये सगळ्यात वर होती. नव्या फाइलमध्येही मी ती तिथेच लिहिली.

दोन आठवडे मी एकटीने तपासणी केली. सगळं बरोबर चाललं.

हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरचा फोन आला. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, मोजकं बोलायचा.

"मॅडम, पासवर नाव एकाचं आणि लॉट दुसऱ्याचा आलाय. माल टेम्पोत चढलाय. तुमी या."

मी एसटीने गेले. टेम्पो आवारातच उभा होता. साठीच्या एक शेतकरी बाई खोक्यावर बसल्या होत्या, मांडीवर एक उघडलेलं खोकं. हमालांनी अर्धा टेम्पो भरल्यावर त्यांनी सहज एक खोकं फोडून बघितलं होतं.

"ह्यो माझा माल न्हाई," त्या मला म्हणाल्या आणि मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले. "माझा लांब हाय, हिरवा. ह्यो बघा, गोल. पिवळा पडलाय."

मला फरक दिसला नाही. मी मान हलवली.

मॅनेजर म्हणाला, "नंबर चुकीचा टाइप झाला असंल."

"टाइप कोण करतंय? मी निस्तं बटण दाबलं," बाई म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही बटण दाबलं तेव्हा आणखी कुणी काउंटरवर होतं का?"

"व्हय की. एक जण होता. त्यो बी मोबाइलच बघत हुता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवा प्रोग्राम बंद होत नव्हता. तो दिवसभर एकच चालू राहत होता, आणि वर लिहिलेली ती ओळ सगळ्यांसाठी एकच होती. एकाचा माल शोधायला प्रोग्राम गेला, तेवढ्यात दुसरा आला, की त्या ओळीत दुसऱ्याचा खाते नंबर बसायचा आणि पहिल्याच्या पासवर दुसऱ्याचा लॉट यायचा. मी एकटी तपासत होते तेव्हा हे कधीच घडणार नव्हतं.

खात्री करायला मी बाईंना त्यांचं खातं उघडायला सांगितलं. काउंटरच्या मोबाइलवर मी तपासणीसाठी बनवलेलं खोटं खातं उघडून मॅनेजरच्या हातात दिलं.

"मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम दाबा."

चार वेळा काही झालं नाही. हमाल जवळ येऊन बघायला लागले. पाचव्या वेळी बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हितं तर दुसरंच कायतरी आलंय."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. मग मॅनेजरने हमालांना माल उतरवायला सांगितलं.

"तुमच्या मशीनला माणसं वळखू येत न्हाईत व्हय?" बाईंनी विचारलं.

"शेवटी आलेला तेवढा ओळखतं."

"मग आमाला एकेकाला सोडा की आत," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती, त्यांना तो उपाय खरंच साधा वाटला होता.

दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत. ती ओळ वरून काढली आणि येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर त्याच्यापुरता, त्याच्या कामाबरोबर पुढे जाईल असं केलं. त्यानंतरचे चार दिवस मात्र मी बाकीच्या फाइली ओळ न ओळ वाचल्या. अशाच चुकीच्या आणखी दोन जागा सापडल्या. त्या मी न सांगता दुरुस्त करू शकले असते. मी ऑफिसातल्या साहेबांना लेखी कळवलं. ते वाचून म्हणाले, "आता दोन-दोन जणांनी एकदम तपासायचं." एवढंच.

ज्याच्या लॉटचा नंबर बाईंच्या पासवर आला होता, त्या शेतकऱ्याला मी स्वतः फोन केला. माल जागेवर परत ठेवलाय, एकही खोकं कमी नाही, जे उघडलं ते पुन्हा भरून बांधलंय, असं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माल आला परत," तो म्हणाला. "पर माजा माल किती हाय, ते त्या बाईला दिसलं का न्हाई?"

"दिसलं."

"आनि आदी कुणाकुणाला दिसलं आसंल?"

हे शोधायची सोय मी प्रोग्राममध्ये ठेवलेली नव्हती. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. आठवड्याभराने त्याने आपला सगळा बेदाणा दुसऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये हलवला. मॅनेजरने मला ते कळवलं, तक्रार म्हणून नव्हे, त्या खात्यावर आता शून्य दाखवायचं म्हणून.