रजा मंजूर

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर मॅडम. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचा आता वीट आला होता.

सुरुवात काही कुलपांनी झाली नव्हती. शिक्षण संपल्यावर ती या कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागली. दवाखान्यांची बिलं करणारं सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या चुका शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि गप्प बसायचं. एकदा तिच्या लक्षात आलं, की स्क्रीनवर वर दिसणाऱ्या पत्त्यातला एक आकडा बदलला की कुणाच्याही आजाराची फाइल कुणालाही उघडता येते. तिने जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "एवढा रिकामटेकडा उद्योग करणार कोण?" पुढे कुणीतरी केलाच. कंपनीची अब्रू चव्हाट्यावर आली, आणि निस्तरायला बोलावलं ते हिला. तिथून ती सुरक्षेच्या कामात पडली ती कायमची. आधी इंजिनियर, मग खात्याची प्रमुख, मग उपाध्यक्ष. खोली मोठी होत गेली, झोप आटत गेली. या कामात काहीच घडलं नाही तर ते यश. त्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. काही घडलं की खापर मात्र ठरलेल्या डोक्यावर.

आता तंत्रज्ञानप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "खुर्ची तुमचीच समजा. फक्त संचालकांची बैठक होईपर्यंत कुठे गालबोट नको." तिने त्याच वेळी रजेचा विषय काढला. साहेबांनी "बघतो" म्हटलं. त्यांचं बघणं म्हणजे काय, हे तिला पुरतं माहीत होतं.

रजा हवी होती धाकट्या बहिणीसाठी. बहीण एकटी, आणि तिचा गुडघा बदलायचा होता.

"ताई, रजा टाकलीस की टाकीन म्हणतेस?"

"टाकली गं. साहेबांकडे पडून आहे."

"तुझे साहेब आणि माझा गुडघा, दोघंही वाकायला तयार नाहीत बघ."

ती हसली, आणि हसताना आपल्याला जांभई आली याची तिची तिलाच लाज वाटली.

तिच्या खात्याची एक रीत होती. अधूनमधून सगळ्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम खोट्या मेल पाठवायच्या, कोण फसतं ते पाहायला. जो फसेल त्याचं नाव सगळ्यांच्या बैठकीत वाचायचं, वर त्याने अर्धा दिवस वर्गात बसायचं. नियम तिनेच घातलेला. "लाज वाटल्याशिवाय माणूस शिकत नाही," असं तिने तेव्हा ठणकावलं होतं, आणि मेल जाणाऱ्यांच्या यादीत स्वतःचंही नाव घातलं होतं. मागल्या खेपेला हिशेब खात्यातले काका 'तुमचं पार्सल आलंय'वर फसले. नाव वाचल्यावर पोरंसोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून काका लिफ्टमध्ये तिच्याकडे पाठ करून उभे राहत.

त्या दुपारी लागोपाठ बैठका उरकून ती खुर्चीत टेकली. मेल आली होती: तुमची रजा मंजूर झाली आहे. तारखा पाहण्यासाठी इथे क्लिक करा.

तिने केलं. डोक्याला विचारायच्या आत बोटाने केलं. स्क्रीनवर गळाला लटकलेला लाल मासा आला, म्हणजे मेल खोटी आणि ती फसली. तो मासाही तिनेच पसंत केलेला!

जरा वेळाने तिच्या हाताखालची, जिला सगळे चिमणी म्हणत, ती मुलगी दारात उभी राहिली.

"मॅडम, तुमचं नाव आलंय. तुम्ही मुद्दाम करून पाहिलंत असं लिहून काढून टाकते. कुणाला कळायचं नाही."

काढ बाई, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"मेल कुणी लिहिली?"

"मीच. तुम्हीच सांगता ना, माणूस ज्याला आसुसलाय तेच गळाला लाव."

"मी रजा मागितलीय हे माहीत होतं तुला?"

"नाही हो मॅडम! सगळ्यांना तीच गेलीय. निम्मं ऑफिस सापडलंय."

तिने स्क्रीनवरचा मासा बंद केला. "नाव राहू दे. खोडलंस तर आधी तुला नोकरीवरून काढावं लागेल मला."

बैठकीत तिने कागद उचलला. "पहिलं नाव माझं," म्हणाली आणि पुढची वाचत गेली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी नंतर गाठलंच. "स्वतःचं नाव वाचायचं काय अडलं होतं? संचालकांना आता मी काय सांगू?"

"मी वाचलं तेच सांगा."

खुर्ची विक्रीप्रमुखाला मिळाली. तो मेल कधी उघडतच नसे, त्यामुळे सापळ्यात सापडायचा प्रश्नच नव्हता. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं हाडं झिजवलेली. पण त्या वाईट वाटण्यातही फारसा जोर नव्हता.

वर्गात ती मागच्या बाकाकडे गेली, तर तिथे काका! त्यांनी पिशवी उचलून जागा केली.

"पुन्हा पार्सल?"

"छे! पार्सल आता खरं आलं तरी उघडत नाही. रजा हो, रजा." मग हळूच म्हणाले, "नावं वाचणं तेवढं बंद करा, बाई. झोप लागत नाही माणसाला."

"करते," ती म्हणाली. "मलाही नाही लागली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल: तुमची रजा मंजूर झाली आहे. तिने हात मांडीवर ठेवला, उठली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"ही तुम्हीच पाठवलीत?"

"मीच. आता अडवून तरी काय करू?"

"एकदा तोंडाने सांगा."

"मंजूर! झालं समाधान?"

ती जिन्याच्या पायरीवरच बसली आणि फोन लावला.

"मंजूर झाली गं."

"कोण म्हणतं?"

"साहेब. समोर उभी राहून ऐकलं."

"आणि खुर्ची?"

"ती गेली."

बहीण म्हणाली, "बरं झालं. माझ्या खाटेपाशी आहे एक. पाय जरा डुगडुगतो, पण चालेल तुला."