हिरव्या वड्या

परवा राजेंद्र नगरात गाईपुढे टाकलेल्या बरसीमच्या चाऱ्याचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. याच पानांतून माणसांच्या खाण्यासाठी प्रोटीन काढायचा प्रोजेक्ट कॉलेजात माझ्याकडे होता. पानांचा रस उकळला की फाटलेल्या दुधासारखं हिरवं प्रोटीन वर यायचं. ते फडक्यात पिळून, जिरं-मिरची घालून मी वड्या तळल्या. प्रोजेक्ट बघायला आलेल्या सरकारी साहेबांनी कचोरी खाता खाता एक वडी नुसती हुंगली. "बढ़िया! गरिबांच्या मुलांना एकदम चालेल." मी त्यांची कचोरी उचलली आणि वड्या पुढे सरकवल्या. "सर, आधी तुम्ही खा ना." ते हसले, "अरे बेटा, मी काय गाय आहे?" "मग ती मुलं गाई आहेत का?" मी ओरडले, तर सगळे माझ्यावरच डोळे वटारायला लागले. परवा त्या गाईशेजारी उभी राहून मी तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं.